नववीतली क्रॉसकंट्री: वेळ घसरली तर आधी फेरिटिन बघा

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी हायस्कूलला जाताना क्रॉसकंट्रीत, म्हणजे गवत-टेकड्यांवरच्या लांब पळण्याच्या शर्यतींत, नाव घालते, तेव्हा आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, "निवड होईल का?" बहुतेक शाळांत या खेळात कोणाला काढत नाहीत. रोज सरावाला येणारा संघात असतो. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, सातच जण धावतात, बाकीचे जेव्हीत, म्हणजे दुसऱ्या फळीत, पण सराव सगळ्यांचा एकच. तेव्हा ती काळजी सोडा.

काळजी करायची ती कागदांची. सराव बहुतेक राज्यांत ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि डॉक्टरने सही केलेला फिजिकलचा (खेळाआधीच्या शारीरिक तपासणीचा) फॉर्म नसेल तर पहिल्या दिवशी मैदानावर पाऊलही टाकू देत नाहीत. ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून जुलैतच घ्या. त्याच भेटीत फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या, रक्ततपासणीची चिठ्ठी मागायची आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

गुणांची पद्धत घरात सगळ्यांना कळलेली बरी. पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी, तो संघ जिंकतो. एका शाळेचे क्रमांक १, २, ३, २०, ३५ आले तर बेरीज ६१. दुसरीचे ६, ८, ९, ११, १४ आले तर ४८, म्हणजे पहिले तिघे समोरच्यांचे असूनही दुसरी शाळा जिंकली. सहावा आणि सातवा मोजले जात नाहीत, पण ते पुढे आले तर प्रतिस्पर्ध्यांचे क्रमांक मागे ढकलतात. सगळा निकाल चौथ्या-पाचव्या मुलावर येऊन ठेपतो आणि हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं. म्हणूनच अंगात त्राण नसलं तरी तो बोलत नाही.

उन्हाळ्यात नवख्याने आठवड्यातून ४ दिवस, २० ते ३० मिनिटं पळावं. दम लागला तर चालावं, पुन्हा पळावं. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, वेग तेवढाच. सहा ते आठ आठवड्यांत पाच दिवस आणि ४० मिनिटांपर्यंत पोचलं तरी पुष्कळ झालं. शेवटी आठवड्यातून दोनदा २० सेकंदांचे ४-५ स्ट्राइड्स, म्हणजे वेगाने पण सैल अंगाने घेतलेल्या छोट्या धावा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरकडे जा. नुसती पोटरी भरून आली असेल तर घाबरायचं कारण नाही.

बूट रोजच्या पळण्याचे चांगले घ्या, ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे शर्यतीचे बूट, पहिल्या सीझनला नसले तरी चालतं. घेतलेच तर कोरड्या गवताला ६ मिलिमीटरचे खिळे पुरतात, चिखलाला १२ चे. कार्बन प्लेटच्या महागड्या बुटांवर पैसे घालवू नका. उंच सोलवर उताराच्या वळणाला घोटा मुरगळतो. शाळेचा कोच असताना बाहेरचा खासगी कोच लावणंही मला पटत नाही. दोघांचे जोराचे दिवस एकमेकांवर आदळतात आणि भरडलं जातं ते मूल.

वेळांची तुलना तर करूच नका. शर्यत सहसा ५ किलोमीटरची, पण न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कचा नेहमीचा मार्ग अडीच मैलांचा आहे, कॅलिफोर्नियातल्या माउंट सॅकचा २.९३ मैलांचा, आणि न्यू जर्सीच्या होमडेलला 'बोल' नावाचा चढ-उतार पाय मोडून काढतो. एका पार्कमधल्या वेळेवरून दुसऱ्या पार्कमधलं अपयश ठरवू नये.

आता ती रक्ततपासणी ज्यासाठी मागायची, त्या सापळ्याबद्दल. आपल्याकडची किती तरी मुलं, विशेषतः शाकाहारी घरांतल्या मुली, त्यात अडकतात आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

सप्टेंबर बरा जातो. ऑक्टोबरमध्ये पहिला मैल नेहमीसारखा होतो आणि दुसऱ्यात पाय शिशाचे होतात. सोप्या दिवशीही धाप लागते. सतत थंडी वाजते, केस गळतात, काही मुली बर्फ चावून खायला लागतात. कोच म्हणतो, मनाने कच्ची आहे. घरी म्हणतात, फोन बघत जागते. मूल स्वतःला आळशी समजायला लागतं आणि आणखी जोरात पळतं. अशा वेळी लोहाचा साठा संपलेला असू शकतो.

हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून गाफील राहू नका. हिमोग्लोबिन हे वापरात असलेलं लोह, फेरिटिन हा साठा. शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन पडतं ते नंतर. नेहमीच्या तपासणीत फेरिटिन बहुधा नसतं, ते नाव घेऊन मागावं लागतं. लॅबच्या कागदावर १५ सुद्धा 'नॉर्मल' छापून येतं, पण पळणाऱ्या मुलांसाठी अनेक क्रीडावैद्यांना ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर हवं असतं. आकडा स्वतः वाचा आणि पळण्याच्या संदर्भात डॉक्टरांना विचारा. ताप येऊन गेल्यावर लगेच किंवा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका, शरीरात दाह असला की फेरिटिन खोटं वर दिसतं.

पळणाऱ्यांचं लोह जातं ते घामातून, पावलांच्या आपटण्याने फुटणाऱ्या रक्तपेशींमधून आणि मुलींच्या पाळीतून. त्यात जोराच्या सरावानंतर साधारण ३ ते ६ तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि आतडं लोह कमी शोषतं. दुपारचा सराव, मग संध्याकाळचं जेवण: भरपूर लोहाचं ताट नेमकं त्याच वेळात येतं. म्हणून सकाळच्या नाश्त्याकडे आणि डब्याकडे जास्त लक्ष द्या.

आपल्या स्वयंपाकघरात हवं ते आहे. मटकीची उसळ, मसूर, छोले, राजमा, हळिवाचे लाडू. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर तिच्यात लोह उतरतं. पण पोह्यांवर लिंबू पिळून लगेच वर चहा घेतला, तर लिंबाने मिळवून दिलेलं चहा घालवतो. चहा-कॉफी जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. नुसत्या पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं लोह अंगी फार कमी लागतं.

गोळ्या तपासणीशिवाय अजिबात देऊ नका. काही जणांच्या शरीरात लोह जास्त साठतं, त्यांना गोळी अपाय करते. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात, कारण लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. गमी (चघळायच्या गोड) व्हिटॅमिन्सवर विसंबू नका, बहुतेकांत लोह नसतंच. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती दुधाबरोबर नको, संत्र्याच्या रसाबरोबर द्या. शौच काळी होते, त्याने घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर एक दिवसाआड चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

पोटभर न खाणं हाही याच सापळ्याचा भाग आहे. शाळेत जेवण अकराला, सराव तीनला. अडीचला केळं, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू बॅगेत हवाच. नवरात्र ऐन सीझनमध्ये येतं. शाळकरी धावपटूने नऊ दिवसांचा उपास करू नये, हे मी स्पष्टच सांगतो. आजी रागावली तरी चालेल. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ती 'व्यायामाने होतं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या.

हे सगळं सुधारतं, आणि पूर्ण सुधारतं. मात्र साठा भरायला दोन-तीन महिने लागतात. ऑक्टोबरात कळलं तर नोव्हेंबरच्या राज्य शर्यतीपर्यंत काही होत नाही, म्हणून जुलैच्या फिजिकललाच फेरिटिन मागा. आकडा कमी निघाला तर उपचार सुरू केल्यावर ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. वसंतात ट्रॅकवर १६०० किंवा ३२०० मीटर धावायचं असेल, तर डिसेंबरच्या सुट्टीत आणखी एकदा.