स्कायरिममधील प्रकाशाच्या मॉडचे आपापसांतील झगडे कसे सोडवावेत

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमच्या २०१६ साली आलेल्या स्पेशल एडिशनमध्ये प्रकाशाचे दोन-तीन मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फायली) एकत्र बसवले, की खानावळीत शिरताच सारे काळवंडते, चालताना फरशीचा एखादा तुकडा उजळतो आणि विझतो, किंवा जिथे दिवाच नाही तिथे भिंतीवर उजेड दिसतो. अशा वेळी घाईघाईने मॉड काढत सुटू नये. उजेडाचा कोणता भाग कोणत्या मॉडच्या ताब्यात राहील, हे आधी ठरवावे.

घरे व गुहांमधील प्रकाशासाठी लक्स किंवा ईएलएफएक्स यांपैकी एकच ठेवावा. हवामानासाठी ऑब्सिडियन किंवा कॅथीड्रल वेदर्स यांपैकी एक निवडावा. ईएनबी आणि कम्युनिटी शेडर्स ही गेमचे दृश्य बदलणारी दोन साधने एकत्र चालत नाहीत. ईएनबी सोडायचे असेल, तर गेमच्या फोल्डरमधील त्याच्या डीएलएल (प्रोग्रॅमचा भाग असलेल्या) फायलीही काढाव्यात. ईएनबीचा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) बहुधा एखाद्या ठरावीक हवामान मॉडसाठी जुळवलेला असतो, म्हणून तो निवडताना त्याचे वर्णन नीट वाचावे.

यानंतर मॉड सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २ या प्रोग्रॅममध्ये वेगळे प्रोफाइल (मॉडची स्वतंत्र यादी) करून मगच कामाला लागावे. डावीकडच्या यादीत विजेचे चिन्ह दिसले, तर त्या मॉडच्या फायली दुसऱ्या मॉडच्या फायलींवर आदळत आहेत असे समजावे. तिथे खालचा मॉड वरच्यावर मात करतो. दिव्यांचे व मेणबत्त्यांचे मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार) प्रकाशाच्या मॉडकडूनच यावेत, असा क्रम लावावा.

खरी अडचण प्लगइनमध्ये, म्हणजे गेममधील नोंदी बदलणाऱ्या मॉडच्या फायलीत, असते. एखाद्या सजावटीच्या मॉडने खोलीचे फक्त संगीत बदलले असले, तरी त्या खोलीचा सेल रेकॉर्ड (त्या जागेची नोंद) त्याच्या प्लगइनमध्ये पूर्ण उतरतो आणि त्यात मूळ गेमचा प्रकाशही येतो. असा प्लगइन लोड ऑर्डरमध्ये (प्लगइन उघडण्याच्या क्रमात) नंतर असेल, तर लक्सची सगळी मेहनत त्या खोलीपुरती पुसली जाते. लूट ही प्रणाली प्लगइनचा क्रम लावून देते, पण दोन मॉडमधील मूल्ये एकत्र करणे तिच्या आवाक्यात नाही. म्हणून आधी तयार पॅच (दोन मॉड जुळवणारा छोटा प्लगइन) शोधावा. तो नसेल, तर एसएसईएडिट या प्लगइन-संपादकात सर्व प्लगइन उघडून संबंधित सेल पाहावा. सर्वांत उजवीकडच्या स्तंभातील मूल्ये गेममध्ये लागू होतात. सजावटीच्या मॉडचा रेकॉर्ड ओव्हरराइड (आधीच्या नोंदीवर मात करणारी प्रत) म्हणून नव्या, ईएसएल (हलक्या प्लगइनची) खूण असलेल्या प्लगइनमध्ये घ्यावा, त्यात लायटिंग, लायटिंग टेम्प्लेट (प्रकाशाचा तयार साचा) आणि इमेज स्पेस (रंग व उजळपणाची मांडणी) ही मूल्ये लक्समधून ओढून आणावीत, बाकीची तशीच ठेवावीत आणि हा प्लगइन शेवटी लोड करावा. एकाच जागी दोन मॉडचे दिवे आले असतील, तर नको असलेला दिवा थेट पुसू नये. त्याला ‘इनिशियली डिसेबल्ड’ (सुरुवातीपासून बंद) करावे, कारण पुसलेल्या संदर्भामुळे (खोलीत ठेवलेल्या वस्तूच्या नोंदीमुळे) गेम बंद पडू शकतो.

लुकलुकणे मात्र अनेकदा इंजिनाच्या मर्यादेमुळे होते. सावली पाडणारे फक्त ४ दिवे एका वेळी चालतात, त्यामुळे दाटीच्या खोलीत एखादा दिवा सावली न पाडणाऱ्या प्रकारचा करावा. एकाच मेशवर अनेक साधे दिवे पडत असतील, तर कम्युनिटी शेडर्समधील लाइट लिमिट फिक्स उपयोगी पडते.

प्रत्येक बदलानंतर, खोलीत पूर्वी कधीही पाऊल न टाकलेल्या सेव्हमधून दाराबाहेरून आत जाऊन पाहावे; जुन्या सेव्हमध्ये आतील वस्तूंची आधीची स्थिती साठलेली असू शकते.