एचपीव्हीचे जीन पेशीतलं नेमकं कोण चालवतंय, ते कसं शोधायचं

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस, त्याचा जीनोम जेमतेम ८ हजार बेसपेअरचा, त्यात स्वतःचा आरएनए पॉलिमरेजसुद्धा (जीनवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) नाही, म्हणजे जीन वाचायचं सगळं काम तो केराटिनोसाइटच्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीच्या) प्रोटीन्सकडून करून घेतो. तुम्हाला एखाद्या प्रोटीनवर संशय असेल तर आधी एलसीआरचा (व्हायरसचे जीन नियंत्रित करणाऱ्या डीएनए भागाचा) सीक्वेन्स घेऊन बसा. एचपीव्ही १६ मध्ये हा भाग साधारण ८५० बेसचा आहे आणि एपी-१, एसपी-१, ऑक्ट-१, वायवाय-१ या पेशीच्या प्रोटीन्सच्या साइट्स (बसायच्या जागा) तिथे अगदी दाटीवाटीने आहेत, त्यामुळे साइट म्युटेट करताना शेजारची मोडत नाही ना ते बघा. एसपी-१ च्या साइटला लागूनच व्हायरसच्या ई२ प्रोटीनची साइट आहे आणि ई२ तिथे बसला की एसपी-१ ला जागाच उरत नाही.

मग मूळ आणि म्युटेट केलेला असे दोन्ही एलसीआर ल्युसिफरेजला (प्रकाशावरून मोजता येणाऱ्या जीनला) जोडून केराटिनोसाइटमध्ये टाका आणि फरक मोजा. पण एवढ्यावर थांबू नका प्लीज! यातून कळतं ते फक्त पी९७ या अर्ली प्रमोटरबद्दल (प्रमोटर म्हणजे जीन वाचायला सुरुवात होते ती जागा), लेट प्रमोटर पी६७० तर एलसीआरमध्ये नाहीच, तो ई७ जीनच्या आत आहे आणि पेशी डिफरन्शिएट (म्हणजे परिपक्व) व्हायला लागली की मगच जोरात चालतो.

म्हणून पुढचं काम पूर्ण जीनोम असलेल्या पेशींत करा, एचपीव्ही १६ असलेल्या डब्ल्यू१२ पेशी चालतील किंवा एचपीव्ही १६ टाकलेल्या एनआयकेएस केराटिनोसाइट. डिफरन्शिएशनसाठी कॅल्शियम ०.०५ मिलिमोलरच्या आसपासवरून १.२ किंवा वर न्यायचं, नाहीतर पेशी मिथाइलसेल्युलोजमध्ये तरंगत ठेवायच्या. साध्या सीरममध्येच बरंच कॅल्शियम असतं, ते चेलेक्स रेझिनने काढलं नाही तर तुमचा 'लो कॅल्शियम' कंट्रोल लो राहतच नाही. वेळ असेल तर राफ्ट कल्चरच (पेशी त्वचेसारख्या थरांत वाढवणं) करा, थर समोर दिसतात.

आता एसआयआरएनएने (ठरावीक जीनचा आरएनए तोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनएने) फॅक्टर, म्हणजे तुमचं संशयित प्रोटीन, कमी करा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण सी/ईबीपी-बीटासारखे फॅक्टर पेशीचं डिफरन्शिएशनही चालवतात, ते कमी केले की पेशी पुढच्या टप्प्यावर जातच नाही आणि एल१ (व्हायरसच्या कवचाचा लेट जीन) आपोआप पडतो, मग आपण म्हणतो फॅक्टरनेच एल१ चालू केला होता! त्यामुळे केराटिन १० आणि इन्व्होल्युक्रिन या डिफरन्शिएशनच्या खुणा दर वेळी सोबत मोजा, ते जसेच्या तसे राहून एल१ कमी झाला तरच पुढे जा आणि चिपने (प्रोटीन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणाऱ्या चाचणीने) तो फॅक्टर व्हायरसच्या डीएनएवर खरंच बसलाय का ते बघा.

चिपमध्ये काहीच दिसलं नाही तर लगेच सोडून देऊ नका, परिणाम आरएनएच्या पातळीवरही असू शकतो. एचएनआरएनपी-ए१ हा पेशीचा प्रोटीन एल१ च्या आरएनएला चिकटून तिथलं स्प्लाइसिंग (आरएनएचे तुकडे कापून जोडणं) दाबून ठेवतो, म्हणून क्यूपीसीआरचे (आरएनएचं प्रमाण मोजायच्या चाचणीचे) प्रायमर स्प्लाइस जंक्शनवर घ्या, म्हणजे कुठला ट्रान्सक्रिप्ट वाढला नि कुठला कमी झाला ते वेगवेगळं कळेल.