वाय-फायचा एन्झाइमवर परिणाम मोजताय? या चुका टाळा

एका ट्यूबशेजारी राउटर, दुसरीशेजारी काही नाही, आणि अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा वेग 8 टक्क्यांनी वाढला. प्रोजेक्टमध्ये असा आकडा आला की पहिला संशय उष्णतेवर घ्या. या एन्झाइमचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे एका अंशाला सुमारे 7 टक्के. राउटर 8-10 वॅट वीज खातो, त्यातली 0.1 वॅटच्या आसपास लहरी म्हणून बाहेर पडते, बाकीची बहुतेक खोका तापवते.

म्हणून ‘राउटर नसलेली ट्यूब’ हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, चालत नाही. तोच राउटर, त्याच अंतरावर, चालूच ठेवा आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त वाय-फाय बंद करा. खोका गरमच राहील, लहरी तेवढ्या जातील.

लहरी स्वतःही पाणी तापवतात. किलोला 1 वॅट शोषली गेली आणि उष्णता बाहेर पडली नाही, तर तासाला 0.86 अंश वाढ होते. इथे भलेभले फसलेत. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या गटाने 2000 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की 750 मेगाहर्ट्झच्या, 0.5 वॅटच्या लहरींनी सूत्रकृमींत तापमान न वाढताच उष्णता-ताणाची जनुकं जागी होतात. त्यासाठी मोजलं होतं बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे एन्झाइमच. पुढे बारकाईने तपासल्यावर सुमारे 0.2 अंशांची वाढ सापडली, आणि 2006 मध्ये त्यांनीच तो निबंध मागे घेतला. असा प्रामाणिकपणा विज्ञानात फार मोलाचा आहे.

तापमान मोजताना लहरी चालू असतील तर धातूची प्रोब ट्यूबमध्ये ठेवू नका. तिची तार अँटेनासारखी वागते. फायबर-ऑप्टिक प्रोब नसेल तर तेवढंच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) भरलेली वेगळी ट्यूब शेजारी ठेवा, वाय-फाय बंद करा आणि त्याच क्षणी 0.1 अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरने मोजा.

नुसता चालू ठेवलेला राउटर बहुतेक वेळ गप्प असतो, साधारण दर 102 मिलिसेकंदांनी एक छोटा संदेश सोडतो. प्रयोगभर मोठी फाइल पाठवत राहा. स्टँड थर्माकोलचा घ्या. स्टीलच्या स्टँडवरून किंवा इनक्युबेटरच्या भिंतींवरून लहरी परततात आणि (2.4 गिगाहर्ट्झ वाय-फायच्या) सुमारे 12 सेंटीमीटरच्या तरंगलांबीमुळे शेजारच्या दोन ट्यूबना वेगवेगळा डोस मिळतो. जागाही अधूनमधून अदलाबदल करा.

मोजणीतली नेहमीची चूक म्हणजे फॉस्फेट बफर. फॉस्फेट या एन्झाइमला अडवतं. डायइथॅनॉलअमाइन बफर, पीएच 9.8, त्यात 0.5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड वापरा. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट) टाकल्यावर पिवळा रंग 405 नॅनोमीटरवर वाचा, पहिली 2-3 मिनिटंच. अॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला गेला त्याचं माप) मिनिटाला 0.05 ते 0.2 वाढेल इतपत एन्झाइम पातळ करा, पण मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन) घालून. नाहीतर पातळ एन्झाइम प्लास्टिकला चिकटतं आणि वेग आपोआप घसरत जातो. एन्झाइमशिवायचा ब्लँकही ठेवा, कारण हा सबस्ट्रेट स्वतःहूनही थोडा फुटतो.

एकच ट्यूब तीनदा वाचली तर नमुना एकच. दरवेळी नवं डायल्यूशन करून निदान 6 जोड्या घ्या, आणि ट्यूबवरचे कोड दुसऱ्याला टाकायला सांगा, म्हणजे वाचताना कुठली ट्यूब कोणत्या गटातली हे तुम्हाला कळणार नाही.

हे सगळं करण्याआधी एक दिवस दोन्ही गट वाय-फाय बंद ठेवून मोजा. तिथेच 5 टक्के फरक दिसला, तर तुमच्या मांडणीत 5 टक्क्यांच्या आतलं काहीही लहरींच्या नावावर लिहिता येणार नाही.