जुन्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली ऑइल गळती: आधी उगम शोधा, मग पाना उचला

गाडीखाली लाल डाग दिसला की बहुतेक जण थेट पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) गॅस्केट बदलतात. पण ऑइल झिरपतं वर आणि ठिबकतं खाली, शिवाय चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. डागाच्या जागेवरून काही ठरवू नका. गिअरबॉक्स डिग्रीझरने धुऊन कोरडा करा, गाडी १०-१५ मिनिटं चालवा, मग स्टँडवर घेऊन टॉर्चने पाहा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा, तिथेच बहुधा उगम असतो.

गाडी रोज चालवताना कोरडी आणि महिनाभर उभी राहिली की गळते, असं असेल तर पॅनला दोष देऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, पातळी सिलेक्टर शाफ्टपर्यंत (गिअर लिव्हरला जोडलेला दांडा) चढते आणि कडक झालेलं तिथलं सील झिरपू लागतं. ते सील बदला. अशा वेळी थंड, बंद इंजिनवर डिपस्टिक पाहिली तर पातळी जास्तच दिसणार. ऑइल गरम आणि इंजिन सुरू असतानाच पाहा: जनरल मोटर्सच्या टर्बो ३५०, ४०० या गिअरबॉक्सना पार्कमध्ये, क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सला न्यूट्रलमध्ये. ऑइल जास्त झालं तर फेस येऊन व्हेंटमधून (हवा जाण्याचं छिद्र) बाहेर पडतं आणि तीही गळतीच वाटते.

पॅनच गळत असेल तर तो काढून कडेवर स्टीलची पट्टी ठेवा. आधी कुणीतरी बोल्ट जास्त आवळलेले असतील तर प्रत्येक छिद्राभोवती पत्रा फुगलेला दिसेल. नवं गॅस्केट अशा कडेवर कधीच नीट बसणार नाही. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा. गॅस्केट कोरडंच बसवा. सिलिकॉनचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. बोल्ट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टर्बो ३५० ला साधारण १२ फूट-पाउंड पुरे.

जमिनीवर थेंब नाही, तरी पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो? व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, गिअर बदलण्यावर परिणाम करणारा भाग) नळी काढून पाहा. आत लाल ऑइल असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन ते ऑइल ओढतंय. मॉड्युलेटर बदला.

स्पीडोमीटर केबलची आणि डिपस्टिक नळीची ओ-रिंग स्वस्तातली कामं, ती आधी उरका. गिअरबॉक्सचं मागचं सील बदलताना योकचा (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) घासणारा भाग बोटाने चाचपा. खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही. ‘गळतीबंद’ औषधं रबर फुगवून काही काळ वेळ मारून नेतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडलेलं गिअरबॉक्सचं घंटेसारखं पुढचं आवरण) तळातून लाल ऑइल येत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचं पुढचं सील गेलंय. काळपट असेल तर इंजिनचं मागचं सील तपासा. पंपाच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा पंपाचं बुशही पाहा. ते झिजलं असेल तर कन्व्हर्टर हलतो आणि नवं सील पुन्हा खराब होतं. परत बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने ‘खट्’ करत बसतो. बेल हाउसिंग इंजिनला जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागची, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती चकती) साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. अंतरच नसेल तर बोल्ट आवळू नका, पंप फुटेल.