सागाची पाने तपासायला द्यायची कशी?

कोकणातल्या जांभ्यावरचा (तांबड्या, सच्छिद्र खडकाच्या जमिनीवरचा) साग खुंटला की आधी युरियाचे, म्हणजे नत्राच्या (नायट्रोजनच्या) खताचे, पोते आठवते. पण इथल्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, पावसाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) निघून जातात, आणि साग तर कॅल्शियमचा भुकेला. त्यामुळे मातीत काय आहे यापेक्षा झाडाच्या वाट्याला काय आले हे बघायला हवे. ते पानातच सापडते.

नमुना दसऱ्याच्या आगेमागे घ्या. तोवर पाने जून झालेली असतात आणि पानगळ लांब असते. पानगळ जवळ आली की नत्र, स्फुरद, पालाश पानातून फांदीत परततात आणि प्रयोगशाळेच्या अहवालात खरी नसलेली कमतरता दिसते. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा. पानातला पालाश पावसाने धुपतो.

एकाच वयाच्या, एकाच प्रकारच्या रोपांच्या लागवडीतली 20 चांगली आणि 20 खुंटलेली झाडे निवडा. दोन्ही गटांची पाने वेगळी ठेवा. माथ्याजवळच्या, भर उन्हातल्या फांदीवरची, शेंड्यापासून तिसऱ्या जोडीची दोन्ही पाने बांबूच्या आकडीने काढा. चोळल्यावर तळव्याला गडद तांबडा रंग उतरला तर पान कोवळे आहे, घेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अळी पानांची जाळी करते, तीही पाने नकोत.

कोकणात खरा घोळ होतो तो धुण्यात. सागाचे पान खरखरीत. जांभ्याची तांबडी धूळ त्यावर चिकटून बसते आणि लोहाचा आकडा फुगवते. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्याचे मीठ बसून सोडियमही वाढते. पाने आधी साध्या पाण्याने, मग 0.1 टक्के साबणपाण्याने आणि शेवटी दोनदा शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याने धुवा. सगळे मिनिटभरात आटपा. भिजत ठेवली तर पालाश पाण्यात उतरतो.

पाने कागदी पिशवीत भरा, प्लास्टिकच्या नको. दमट हवेत ओले पान दिवसभरात कुजू लागते, म्हणून त्याच दिवशी 65 ते 70 अंश सेल्सिअसला सुकत घाला आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत, साधारण 48 तास, ठेवा. दळण्यापूर्वी दोन्ही गटांच्या 40-40 पानांचे कोरडे वजन करून लिहून ठेवा. हे वजन बहुतेक जण करत नाहीत, आणि निदान तिथेच चुकते. दळायला स्टेनलेस स्टीलचेच पाते घ्या. पितळेतून तांबे आणि जस्त मिसळते.

अहवाल आला की टक्केवारी आणि पानाचे वजन शेजारी मांडा. खुंटलेल्या झाडांची पाने हलकी, स्फुरदही कमी, पण नत्र चांगल्या झाडांइतके किंवा जास्त असेल, तर अडचण स्फुरदाची आहे. वाढच नाही म्हणून नत्र साचले आहे. अशा ठिकाणी युरिया वाया जातो. वजन आणि नत्र दोन्ही कमी असतील, तरच युरियाचा विचार करा. नत्र-स्फुरदाचे गुणोत्तर 16 च्या वर गेले तर स्फुरदाचा संशय घ्यावा, मात्र हा अंदाज ढोबळ आहे. चांगल्या झाडांशी केलेली तुलना जास्त भरवशाची.

आम्ल मातीत रॉक फॉस्फेट (दळलेला स्फुरदयुक्त खडक) चालते. कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी असतील तर डोलोमाइट (दोन्ही असलेली चुनखडीसारखी भुकटी) द्या. सगळ्या रोपवनाला एकदम घालू नका. खुंटलेल्यांपैकी 10 झाडांना रंगाचा पट्टा मारा, जूनच्या पहिल्या पावसानंतर आळ्यात खत द्या, बाकीची 10 तशीच सोडा, आणि पुढच्या दसऱ्याला दोन्हींची पाने याच पद्धतीने काढून पुन्हा वजन करा.