कासेवर देवी उठलेल्या म्हशीची धार कशी काढावी

सडावर मसुराएवढे फोड, मग काळी खपली, आणि धारेला बसलं की म्हैस लाथ झाडते: ही म्हशीची देवी. लम्पी नव्हे. लम्पी माणसाला होत नाही, ही होते. २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापुरात धार काढणाऱ्यांच्या हातांवर उठली होती, आणि आमच्या निपाणीपासून कोल्हापूर काही लांब नाही.

म्हैस वेगळी बांधा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. रेडकू सडाला लावू नका, त्याच्या तोंडाला फोड येतात. पान्हा आंबोणावर, म्हणजे धारेच्या वेळच्या खुराकावर, सोडवायचा.

तिची धार सगळ्यांत शेवटी. खरी मेख इथून पुढे आहे. आमच्याकडे चार म्हशींना मिळून एकच फडकं असायचं. बादलीत बुचकळायचं, कास पुसायची, की पुढच्या म्हशीकडे. बघता बघता चारही म्हशी फोडांनी भरल्या. फडकं उकळून घ्या, असं सांगणारे भेटतात. पहाटे चारला उठून कोण उकळणार? जुन्या लुगड्याचे तुकडे करा, एका म्हशीला एक, आणि वापरला की चुलीत.

दुसरं, अंगठा मुडपून धार काढायची सवय मोडा. मुडपलेल्या पेराखाली खपली सोलून निघते, आणि ऊस तोडून भेगाळलेल्या हाताला तेवढं पुरतं. माझ्या पेरावर फोड आला तो असाच. ताप, काखेत अवधाणाची गाठ, तीन आठवडे विळा धरवला नाही. सडाला खोबरेल लावा आणि सगळ्या मुठीने, वरच्या बोटापासून खाली दाबत काढा. पहिले दोन दिवस वेळ लागतो, म्हैसही कुरकुरते. रबरी मोजे घालत असाल तर रोज नवे. फाटका मोजा उघड्या हातापेक्षा वाईट. आणि हात धुवेपर्यंत डोळा चोळायचा नाही, कितीही घाम येवो.

मग सड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा. गडद केलंत तर कातडी भाजते. दूध उकळूनच प्या.

दंडावर देवीच्या लशीचा वण असलेली म्हातारी माणसं ‘आम्हाला काय होतंय’ म्हणून बसतात. त्या लशीला चाळीस वर्षं उलटली, जोर उतरतो. तरुणांना तर ती मिळालेलीच नाही.

हातावर फोड आलाच तर डॉक्टरला ‘म्हशी पिळतो’ हे आपणहून सांगा. मला एके ठिकाणी ॲलर्जी म्हणून मलम दिलं, घरी जनावरं आहेत का हे कुणी विचारलंच नाही. खपली पडेपर्यंत धार दुसऱ्याने काढावी, आणि तान्ह्या पोराला घेऊ नये.