एम्युलेटरची जुनी आवृत्ती जपायची, तर नुसती झिप पुरत नाही

मार्च २०२४मध्ये निन्टेन्डोशी झालेल्या तडजोडीनंतर युझू या स्विचच्या एम्युलेटरसोबत (एम्युलेटर म्हणजे गेम कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर किंवा फोनवर चालवणारं सॉफ्टवेअर) थ्रीडीएस कन्सोलचं सिट्राही बंद झालं आणि कोड ठेवायच्या गिटहब साइटवरची त्याची रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट सगळा कोड, गेली. तेव्हा जपणूक प्रकल्प जिवंत असतानाच करायची. सोनीच्या पीएसपी कन्सोलचं एम्युलेटर पीपीएसएसपीपी उदाहरणाला घेऊ.

आधी सोर्स, म्हणजे मूळ कोड. रिलीजखाली आपोआप बनणाऱ्या 'सोर्स कोड' झिपमध्ये सबमॉड्यूल (दुसऱ्या रिपॉझिटरीतून जोडलेले भाग) नसतात, त्यामुळे तिच्यातून बिल्ड, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम तयार, होत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या क्लोन (प्रत घ्यायच्या) आदेशाला मिरर पर्याय लावून अख्खी रिपॉझिटरी घ्या. तरी सबमॉड्यूल येत नाहीतच. मुख्य रिपॉझिटरीत त्यांचा फक्त कमिट हॅश, म्हणजे कोडच्या एका नोंदीची (कमिटची) ओळखखूण, असते. हव्या त्या टॅगवरची (टॅग म्हणजे एखाद्या कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) गिटमॉड्यूल्स फाइल उघडा आणि तिथला प्रत्येक पत्ता वेगळा मिरर करा. टॅग बदलला की ही यादीही बदलू शकते, शिवाय सबमॉड्यूलच्या पोटात आणखी सबमॉड्यूल निघतात. एखादा पत्ता बंद पडला असेल तर फोर्क, म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या खात्यावर घेतलेली प्रत, शोधा. कमिट हॅश जुळला की कोड तोच, मग तो कुणाकडून का मिळेना. शेवटी प्रत्येक मिररचं गिट बंडल, म्हणजे एकच फाइल, करा. पुरेसं जमलंय का, हे नेट बंद करून बिल्ड करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक संग्रह इथेच उघडे पडतात.

मग तयार बिल्ड. गिटहब ॲक्शन्स या आपोआप बिल्ड करणाऱ्या सेवेवरच्या फाइली सहसा ९० दिवसांत पुसल्या जातात, त्या लगेच उतरवा. आवृत्तीच्या नावात टॅगनंतर आकडा आणि मग 'जी'ने सुरू होणारी अक्षरं दिसली, तर आकडा म्हणजे टॅगनंतरचे कमिट आणि 'जी'पुढचा भाग म्हणजे कमिटचा हॅश. तो आणि फाइलीचा शा-२५६ (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) शेजारच्या मजकूर फाइलीत लिहा.

विंडोजवर प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर द्या. झिपमधली आवृत्ती सेव्ह शेजारच्या मेमस्टिक फोल्डरमध्ये ठेवते. 'इन्स्टॉल्ड' नावाची मजकूर फाइल तिथे आली तर मात्र अशा सगळ्या आवृत्त्या डॉक्युमेंट्समध्ये एकमेकींच्या सेटिंग्ज बिघडवत बसतात. नव्या आवृत्तीची सेव्ह स्टेट (एम्युलेटरने घेतलेली त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) जुनीत उघडेल असं धरू नका. टिकाऊ म्हणजे गेमने स्वतः केलेलं सेव्ह, सेव्हडेटा फोल्डरमधलं.

अँड्रॉइडवर नव्या आवृत्तीवर जुनी एपीके (ॲपची फाइल) बसत नाही, आधी नवी काढावी लागते. काढण्यापूर्वी पीएसपी फोल्डर फोनबाहेर कॉपी करा. अँड्रॉइड १४ टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवली तो आकडा) २३च्या खालची ॲप अडवतं. संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या एडीबीतून तो अडथळा वगळायचा पर्याय देऊन ती बसवता येते. पण फोन फक्त ६४-बिट चालवत असेल, तर ३२-बिट एपीकेला इलाज नाही. त्यासाठी एक जुना फोन बाजूला ठेवलेला बरा.

गेमच्या आयएसओ (डिस्कच्या प्रती) या संग्रहात टाकू नका. गेमच्या मालकाच्या एका तक्रारीवर पूर्ण अपलोड जाऊ शकतं, त्यातल्या मुक्त परवान्याच्या कोडसकट.